एकोणीसच्या घरातला पंजा

मित्रांनो, मी एक जुना खेळाचा पट आहे. दुकानात मिळतो तसला गुळगुळीत नव्हे. मूल शहराच्या बाजारातून आणलेल्या कूलरच्या खोक्याचा मी एक तुकडा. पोंभुर्णा तालुक्यातल्या एका लहान गावात, मनसारामच्या घरी मी तयार झालो.

मनसाराम तलावात जाळे टाकून मासे धरायचा. त्या हिवाळ्यात गावाजवळ वाघ फिरू लागला आणि दिवस कलला की घरोघरची दारे लागू लागली. सहावीतल्या उर्वशीला आणि तिच्या धाकट्या भावाला, सोनूला, घरात करमेना. तेव्हा त्यांच्या आईने, ताराबाईने, खोके कापले आणि उर्वशीने पट्टीने साठ घरे आखली. पहिले घर म्हणजे त्यांचे दार, साठावे तलाव. मधली वाट बापाने सांगितली: मोहाचे झाड, नाला, बांबूचे बन, तलावाची पाळ. चिंचोके फोडून फासे केले. जाळ्याची शिशाची गोळी आणि शर्टाची बटणे सोंगट्या झाल्या.

"यात वाघ नाई का?" सोनूने विचारले.

"खरा पंजा जिथी दिसला, तिथीच काढजो," मनसाराम उर्वशीला म्हणाला.

पाळीवर पंजा दिसला होता. तिने बावन्नच्या घरात नेलपॉलिशने लाल खूण केली. तिथे सोंगटी पडली की परत पहिल्या घरी. मनसाराम चिंचोका हळूच उलटवायचा आणि पकडला गेला की खोटा खोकला काढायचा. सगळे हसत. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा आठवडा.

मग बांबूंजवळ पंजा दिसला. अडतीसच्या घरात खूण आली. त्यानंतर नाल्याच्या रेतीत, सत्तावीसमध्ये. खेळ चालू होता, पण हसणे कमी झाले. एका संध्याकाळी उर्वशीने मोहाच्या झाडाखाली, एकोणीसच्या घरात, चौथा पंजा काढला. त्या दिवशी कुणीच चिंचोके उचलले नाहीत.

ताराबाईने एकेका खुणेवर बोट ठेवले. "हा घराकडे येऊन राह्यला," ती हळू म्हणाली.

"खेळ हाय तो," मनसाराम म्हणाला, पण त्याची नजर माझ्यावरून हलेना.

"उद्या त्या वाटेनं जाऊ नोका. सडकेनं जा, चार लोकं संग घेऊन."

त्याने मान डोलावली. उर्वशी उठून दाराकडे गेली. शेजारचा मुखरूही रोज पहाटे त्याच वाटेने तलावावर जायचा.

"मुखरूकाकाले सांगून येतो," ती म्हणाली.

"आता अंधार पडून राह्यला. बाहेर निघू नोको. सकाळी सांगू," मनसाराम म्हणाला.

सकाळी मनसाराम शेजारी गेला. मुखरूची बायको रुखमाबाई अंगण झाडत होती.

"ते तं कवाच गेले," ती म्हणाली. "काऊन?"

मनसाराम धावतच मागे फिरला. त्याने माणसे जमवली. डबे वाजवत सगळे मोहाकडे गेले. झाडाखाली मुखरूची सायकल आडवी पडली होती. तो थोडा पुढे सापडला. त्याच्यात जीव नव्हता.

पंधरा दिवसांनी, पटावरच्या खुणेची गोष्ट कानावर आल्यावर, रुखमाबाई आली. "मले पटावरचं ते मोहाचं घर दाखव," ती उर्वशीला म्हणाली. उर्वशीने रडत रडत दाखवले. रुखमाबाईने त्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही.

"तुमाले माहीत होतं?"

"हो बाई," मनसाराम खाली पाहून म्हणाला. "आदल्या दिवशीच."

ती उठून गेली. दोन्ही घरांत अजून बोलणे नाही.

त्यानंतर उर्वशीने मला गावच्या समाजमंदिरात नेऊन भिंतीवर टांगले. आता ज्याला पंजा दिसतो, तो स्वतः येऊन खूण करतो आणि प्रत्येक दारी जाऊन सांगतो. माझ्या कडा फुगल्या आहेत, एक कोपरा उंदरांनी कुरतडला आहे. वाघ अजून धरला गेलेला नाही. काल बाराच्या घरात नवी खूण आली.

मित्रांनो, तुम्हीही घरी असा पट करा. आईबापांना वाट विचारा, सगळे मिळून खेळा, खेळ थांबून माझ्यासारखी भिंतीवर जायची वेळ त्याच्यावर येऊ देऊ नका. पण खेळता खेळता काही कळले, तर ते आपल्याच घरात ठेवू नका. शेजारच्या घरी हाक मारा. अंधार पडला असला, तरी दारातूनच मारा. भिंतीपलीकडे ऐकू जाते.