वीसच्या वेगाची सकाळ

बुटीबोरीच्या अलीकडे, नाल्यावरच्या छोट्या पुलापासून जरा दूर, रुळांलगत एक पिवळी पाटी उभी होती. तिच्यावर काळ्या अंकांत वीस लिहिलेले. गेले चार दिवस नागपूरकडे जाणारी प्रत्येक गाडी इथे आपला वेग उतरवून ठेवी आणि किलोमीटरभर सायकलच्या गतीने सरकत राही.

रुळांखालची जुनी खडी उकरून, माती चाळून काढून, पुन्हा अंथरली होती. अशी सैल झालेली खडी गाड्यांच्या वजनाखाली हळूहळू एकमेकींत रुतून बसते. तोवर वेग वाढवायचा तो पायरीपायरीने. आज पंचेचाळीसची पायरी होती, आणि ती चिन्मयीच्या सहीवर अडली होती. अभियंता म्हणून नोकरीला लागून तिला सातच महिने झाले होते. अशी सही ती प्रथमच करणार होती.

सकाळपासून कचेरीतून दोनदा फोन आला होता. इंटरसिटी रोज उशिरा पोचते, मिहानच्या कंपन्यांत कामावर जाणारे लोक तक्रारी करतात, आज वेग वाढलाच पाहिजे. दुसऱ्या खेपेला साहेबांनी आवाज जराही न चढवता विचारले होते, "जमत नसेल तर सांगा. दुसऱ्या कोणाला पाठवतो." ते वाक्य तिला अजून बोचत होते.

तिने मापे घेतली. दोन रुळांमधले अंतर बरोबर, पातळी बरोबर. वहीतले आकडे इतके निर्मळ होते की तिने पेनाचे टोपण काढलेही.

"मॅडम, जरा थांबा जी."

मुकादम महादेवराव लोखंडी सब्बलीचे बूड रुळांखालच्या एकेका आडव्या स्लीपरवर आपटत पुलाकडून येत होते. सत्तावीस वर्षे या रुळांवर चाललेला माणूस. मान एका बाजूला कललेली, डोळे अर्धवट मिटलेले. ठण. ठण. ठण. मग एका स्लीपरवर आवाज एकाएकी विझल्यासारखा झाला.

"हा खालून पोकळ हाय."

"पण माप तर बरोबर आहे, महादेवराव."

"राहीनच बरोबर. अंगावर गाडी नसली का सगळंच सरळ दिसते. मीही घरी बायको नसली का लय शहाणा."

"मंग तुमची लेव्हल कोण घेते, काका?" रुळांची कामे करणाऱ्या गँगमधल्या अंकुशने विचारले.

"बायकोच घेते. रोज."

इतक्यात इंटरसिटीची शिटी ऐकू आली. सगळे बाजूला झाले. चिन्मयी सुरक्षित अंतरावर उकिडवी बसली आणि त्या स्लीपरकडे पाहू लागली. गाडी आली, सावकाश, आपलेच ओझे जपत असल्यासारखी. प्रत्येक चाकाखाली स्लीपर बोटभर खचत होता, पुन्हा वर येत होता. कडेने पांढरी धूळ श्वासासारखी फुटत होती. त्याच्या पुढचाही तसाच. त्याच्याही पुढचा. तिने मोजले, असे सहा.

दारात उभा असलेला एक तरुण ओरडला, "ओ मॅडम, बैलगाडी लावली काय? उतरून धक्का मारू का?"

"मार ना गा," महादेवराव शांतपणे म्हणाले. "पण जोडे घालून उतर. खडी टोचते."

डबे सरकत राहिले. खिडक्यांतून डुलक्या घेणारी, घड्याळ पाहणारी, चिडलेली माणसे गेली. त्यांच्या खाली जमीन अजून स्वतःला सावरत होती, आणि हे त्यांच्यापैकी कोणालाही ठाऊक नव्हते. हीच गाडी आज पंचेचाळीसने गेली असती तर? शेवटचा डबा लांब गेल्यावर चिन्मयीने साहेबांना फोन लावला.

"सर, आज वीसच राहील. पुलाजवळ सहा स्लीपर पोकळ आहेत."

"मापं काय म्हणतात?"

"मापं बरोबर आहेत. पण गाडीखाली स्लीपर खचतात. मी आत्ता पाहिलं."

"उशिराचं कारण विचारतील. कोणाचं नाव लिहू?"

"माझं लिहा, सर."

फोन ठेवून ती वळली, तेव्हा महादेवरावांनी पोकळ स्लीपरांवर खडूने खुणा करायला घेतल्या होत्या.

"चला रे, खडी भरून ठोकून घ्या," ते गँगला सांगत होते. "मॅडमनं पोकळी पकडली."

"मी कुठे? तुम्ही पकडलीत."

महादेवरावांनी खडूची भुकटी धोतराला पुसली. "आवाज ओळखणं लय सोपं हाय, मॅडम," ते म्हणाले. "फोन मले नसता जमला."