मीठ न्यायला आलेली माणसं

खैरमाळहून मी भरून आणलेल्या एकशे बारा फॉर्मांत सातव्या रकान्यात एकशे बारा शून्यं होती. सातवा रकाना म्हणजे 'करमणुकीवरील खर्च'.

"इतका स्वच्छ डेटा पहिल्यांदाच पाहतोय," देवरे सर म्हणाले. "डोंगरातली माणसं, राखी. करमणूक कुठून करणार?"

मी संख्याशास्त्रात बी.एस्सी. करून त्याच वर्षी, २००१ साली, सरांच्या संशोधन संस्थेत लागले होते. पंचवटीत भाजीबाजाराच्या वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. गावोगावची माणसं कशावर किती खर्च करतात, याचा अभ्यास चालू होता. मला ती शून्यं खटकली. एकच वस्तू शंभर वेळा मोजली तरी दशांशात कुठेतरी फरक पडतो. शंभर वेळा तेच उत्तर आलं, तर काटा अडकलाय असं समजायचं.

बाजाराच्या दिवशी मी पुन्हा खैरमाळला गेले. हरसूलपर्यंत एसटी, पुढे बारा किलोमीटर जीप. भातकापणी उरकली होती आणि द्राक्षबागांच्या कामाला माणसं अजून निघायची होती, त्यामुळे बाजार भरगच्च होता. मध्यभागी चार पेट्यांचा लाकडी पाळणा. काळू नावाचा माणूस तो हातानं फिरवत होता. त्याची बायको कुसाबाई माणसं बसवत होती. मला पाहून ती सरळ माझ्याकडेच आली.

"ताई, कागदं लिहिणारी तूच ना? मग माझा पाळणा कुठं लिहिलाय?"

मला कळेना. तिनं सांगितलं ते असं. बाजारासाठी सिमेंटचे ओटे मंजूर झाले होते. सपाट जागा एकच, पाळण्याची. ओढ्यापलीकडचा उतार कापून तिथेही ओटे बांधता आले असते, पण त्याला जास्त काम. सरपंचांनी आमच्या संस्थेला विचारलं होतं, की माणसं करमणुकीला येतात का खरेदीला. सरांनी फॉर्म बघून कळवलं होतं: खरेदीला. पुढच्या मंगळवारी ग्रामसभा होती.

"मग पाळणा उतारावर लावा की," मी म्हणाले.

"उतारावर पाळणा उभा राहतो होय? माणसं पेटीतून सांडतील. तू शिकलेली ना?"

मी पाळण्याकडे वळले. वरच्या पेटीत नवं लुगडं नेसलेल्या, हातभर बांगड्या घातलेल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांचं नाव भागीबाई. सात किलोमीटर चालून आल्या होत्या. पेटी खाली आल्यावर मी फॉर्म काढला.

"मावशी, बाजाराला कशासाठी आलात?"

"मीठ न्यायला."

"आणि करमणूक?"

"नाय बाई. करमणूक कसली? मीठ घ्यायचं नि घरी जायचं." तेवढं सांगून त्या काळूला म्हणाल्या, "आणखी एक फेरा दे रं. आन जरा जोरात."

मी आणखी चाळीस जणांना विचारलं. अडतीस जण मीठ न्यायला आले होते. एकजण काडेपेटीला, आणि एक म्हातारा मिठाला आलेल्या जावयाला शोधायला.

बाजारात मीठवाली एकच, धोंडाबाई. तिला विचारलं, दिवसाला किती मीठ खपतं?

"एक पोतं. लय झालं तर सव्वा."

मी वहीत मांडलं. बाजारात हजार माणसं तरी होती. शंभरातली पंच्याण्णव मिठाला आली असतील आणि प्रत्येकानं एक किलो नेलं, तर पन्नास किलोची एकोणीस पोती लागतील. खपतं एक. हिशेब ऐकून धोंडाबाई पोट धरून हसली.

"एवढं मीठ खाल्लं असतं तर डोंगर सुजला असता, पोरी."

"मग सगळे मीठ का सांगतात?"

"घरातून निघायला काय सांगायचं मग? हातातलं काम टाकून नुसतं फिरायला चालले, असं? सासू घरात घेईल का? मिठाला कोणी अडवीत नाय. मिठावाचून भात जात नाय ना."

म्हणजे काटा अडकला होता तो इथे. मी ज्याला करमणूक म्हणत होते, त्याला इथे उघड घ्यायचं नाव नव्हतं. आता विचारण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी झाडाखाली बसून घड्याळ लावलं. साठ माणसं निवडली. खरेदीला सरासरी पंचवीस मिनिटं, बाजारात मुक्काम चार तास. उरलेला वेळ पाळणा, भेळ, बांगड्या आणि गप्पा. मी खुशीत कुसाबाईला वही दाखवली.

"हे ग्रामसभेत वाचून दाखवते. माणसं मिठाला येतच नाहीत, हे सिद्ध होतंय."

कुसाबाईनं कपाळाला हात लावला. "तसं बोलायचं नाय, ताई."

"का? तुमचा पाळणा वाचेल."

"सभेला सासवा येतात, दादले येतात. सगळ्यांपुढं सांगशील का बाया मिठाला येत नाय? पुढच्या बाजाराला एक बाई घरातून सुटणार नाय. मग पाळण्यात काय धोंडे बसवू?"

मी वही मिटली. माझ्याकडे खरं उत्तर होतं आणि ते सांगायची सोय नव्हती. खोटं सांगायला मी तयार नव्हते. कुसाबाईला दोन्ही कळत होतं. ती म्हणाली, "बघ काय जमतंय ते. पण बायांचं मीठ उघडं पाडू नको."

परतताना जीपवाला सहादू कुरकुरत होता, की श्रावणात पाळण्याचा आस, म्हणजे मधला दांडा, मोडला तेव्हा धंदा पार बसला होता. मी सरसावून बसले.

"किती बाजार पाळणा बंद होता?"

"तीन. एरवी माझ्या नऊ खेपा होतात. तेव्हा चार. नंतर पाळणा लागला, पुन्हा नऊ."

आमच्या संस्थेत अशी तुलना करायला महिने लागले असते. इथे आस मोडून ती आपोआप झाली होती. मी दुसऱ्या दिवशी परत जाऊन धोंडाबाईला गाठलं. त्या तीन बाजारांत तिचं अर्धं पोतंही गेलं नव्हतं.

मंगळवारी देवरे सर माझ्या शेजारी बसले होते आणि दर दोन मिनिटांनी कुजबुजत होते, "फॉर्मच्या बाहेर जाऊ नकोस." मारुतीच्या पारासमोर दीडशे माणसं. भागीबाई पुढेच, सासूला खेटून. सरपंच लहानू भोये यांनी मला उठायला सांगितलं.

"माणसं मिठाला येतात," मी म्हणाले. "तसं त्यांनीच सांगितलंय."

पुढच्या रांगेतल्या बायांनी श्वास सोडला. पाळण्याशेजारी उभी असते तशी कुसाबाई मागे कमरेवर हात ठेवून उभी होती.

"पण पाळणा बंद होता ते तीन बाजार पाहा. मीठ निम्म्याहून कमी खपलं. जीपच्या खेपा नवाच्या चार झाल्या. पाळणा सुरू झाल्यावर दोन्ही पहिल्यासारखं. म्हणजे पाळणा असला की गावाला मीठ जास्त लागतं. का, ते माझ्या आकड्यांत नाही."

 धोंडाबाईच्या बाजूनं खुसखुस सुरू झाली. बायांनी पदर तोंडावर घेतले. पुरुष जमिनीकडे पाहून मिशीत हसत होते. भागीबाई मात्र गंभीर चेहऱ्यानं सासूला म्हणाल्या, "खरं हाय. त्या दिसांत मीठ लागलंच नाय."

"हवेत ओल असंल," सासू म्हणाली. तीही हसू दाबत होती.

सरपंचांनी घसा साफ केला. "म्हणजे मिठाच्या सोयीसाठी पाळणा मध्यात लागतो, असं ना?"

"आकडे तसं म्हणतात."

"लिहा," ते ग्रामसेवकाला म्हणाले. "मीठविक्रीस अडचण होऊ नये म्हणून पाळण्याची जागा कायम. ओटे ओढ्यापलीकडे, उतार कापून. कोणाची हरकत?"

हरकत कोणाचीच नव्हती. हात वर करायला सांगितलं तेव्हा पहिला हात सुलाबाईंचा, सरपंचांच्या आईचा गेला. त्या पंचाहत्तरच्या होत्या आणि त्यांनी दोन्ही हात वर केले.

"आई, एकच," सरपंच म्हणाले.

"दुसरा काळूचा हाय," त्या म्हणाल्या. "तो सभेला आला नाय. पाळण्याला तेल घालीत बसलाय."