पतसंस्थेचं गोत्र

मंगळवारी सकाळी शिवानी तिसऱ्यांदा आरटीओच्या खिडकीसमोर उभी राहिली, तेव्हा खिडकीतल्या साहेबांनी तिला पहिल्यांदा ओळखलं. सरकारी कामात याला प्रगती म्हणतात.

"मालक आलेत का?"

"मीच."

"नाही हो, गाडीचे मालक."

"गाडीचीच म्हणतेय मी."

साहेबांनी फाईल पुढून पाहिली, मागून पाहिली. जणू मधल्या पानांत एखादा पुरुष दडून बसला असावा. पहिल्या खेपेला आधारकार्डावरची शिवानी दीर्घ निघाली होती आणि पॅनकार्डावरची ऱ्हस्व. दुसऱ्या खेपेला पॅनवर माहेरचं आडनाव सापडलं. आज फक्त सही हवी होती, पण ती साहेबांच्या डोळ्यांदेखत. काशीदहून दोन एसट्या बदलून शिवानी त्या एका सहीसाठी आली होती. एक म्हणता म्हणता सह्या सात झाल्या.

गाडी पर्यटकांसाठी होती, पिवळ्या पाटीची, म्हणून कागद जरा जास्त. रस्त्याचा कर एकरकमी भरून झाला होता. रस्ता मात्र सरकारकडून हप्त्याहप्त्यानं मिळायचा होता. पावसाळ्यानंतर साळाव ते काशीद यातले किती हप्ते थकलेत ते मणक्याला विचारावं.

बाहेर छत्रीखाली टेबल मांडून बसलेला एजंट प्रणय तिचे कागद लावून देत म्हणाला, "ताई, एक सांगू? ह्या ऑफिसात तुमच्याएवढा मान कलेक्टरला पण न्हाय. तुमच्याशिवाय कागद हलतच न्हाय बघा."

शिवानीला हसू आलं. थकलेल्या माणसाला येतं तसं, अर्धंच. प्रणय गमतीनं बोलला, पण बोलला ते खरंच होतं. तिचा नवरा हर्षद कावीळ होऊन गेला त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून तिच्यावाचून अडेल अशी हीच एक जागा तिला सापडली होती. बाकी सगळीकडे तिच्यावाचून फार सुरळीत चाले. पुतणीच्या बारशाला तिनं साठ माणसांचा स्वयंपाक केला आणि पाळण्याचं गाणं चुलीपाशी बसून ऐकलं. हळदीकुंकवाला शेजारणी यायच्या, तेव्हा तिला आठवणीनं मागच्या वाडीत नारळ मोजायला पाठवलं जाई. ओरडून, हिणवून कुणी काही म्हणत नसे. "तेवढा वेळ आत ऱ्हा गो," एवढंच. तेवढा वेळ, तेवढा वेळ करत तीन वर्षं झाली होती.

आरटीओच्या फॉर्मवर मात्र ती अजून हर्षदची पत्नी होती. विधवा असा रकानाच त्यांच्याकडे नव्हता.

*

गुरुवारी गाडी अंगणात आली. सात आसनी, पांढरी. विपुलनं, म्हणजे शिवानीच्या दिरानं, गाडीला झेंडूची माळ घातली. विपुल थळच्या बाजूला कंत्राटावर फिटर होता. माणूस वाईट नव्हता. वहिनीच्या कर्जाला जामीन राहिला होता, आणि हे तो दिवसातून एकदाच सांगायचा. सकाळी.

गाडीची गरज शिवानीला होती. घराच्या तीन खोल्यांत ती पाहुणे ठेवायची, त्यांना आंबोळी नि तिसऱ्यांचं कालवण करून घालायची. पण मुंबईचे पाहुणे मांडव्याच्या धक्क्यावर उतरले की पहिला फोन यायचा, "गाडी आहे ना तुमची?" नाही म्हटलं की ते दुसऱ्या कुणाकडे जायचे. म्हणून तिनं गाडी चालवायला शिकून परवाना काढला, नाक्यावरच्या पतसंस्थेचं कर्ज काढलं. गाडीची पूजा तिच्याशिवाय होणार हे तिनं गृहीतच धरलं होतं. म्हणून ती आत शिरा ढवळत होती.

पाटावर विपुल आणि त्याची बायको सुचिता बसली होती. मनुबाई, शिवानीची सासू, मधल्या दाराच्या आत उभी होती. तिचा नवरा जाऊन एकोणीस वर्षं झाली. त्या दाराची चौकट तिच्या खांद्याच्या उंचीला गुळगुळीत झाली होती. घरातली सगळी शुभकार्यं तिनं तिथूनच चालवली, आणि चुकलं तर तिथूनच ओरडली.

"संकल्पाला नाव सांगा," पूजा सांगायला आलेले जोशीकाका म्हणाले. त्यांना अजून दोन पूजा उरकायच्या होत्या. "गाडी कुणाच्या नावावर?"

"आमच्याच," विपुल म्हणाला.

"आमच्याच म्हणजे? देवाला कळायला नको? मागल्या महिन्यात एकानं मेव्हण्याच्या गाडीची पूजा स्वतःच्या नावानं केली. आठवड्यात गाडी ओढ्यात."

विपुलनं मोबाईलवर नोंदणी उघडून दाखवली. जोशीकाकांनी चष्मा कपाळावर चढवला. "शिवानी हर्षद चेऊलकर," त्यांनी वाचलं आणि पुढे फक्त "हं" म्हणाले. त्या एका हं-मध्ये अख्खं धर्मशास्त्र बसलं.

दाराआडून मनुबाईचा आवाज आला. "खाली आनखी कायतरी लिवलं असंल. नीट बघा."

"खाली बोजा आहे. सागरकन्या नागरी सहकारी पतसंस्था मर्यादित."

"म्हंजी?"

"म्हंजी कर्ज फिटंपर्यंत गाडीवर पतसंस्थेचा हक्क, आई," विपुल म्हणाला.

"मंग सुटलं की! गाडी हिची न्हायच. त्या सागरकन्येची हाय. लगीन झालंय का तिचं?"

"आई, पतसंस्था हाय ती. मोबाईलच्या दुकानावरची."

"पर नाव कन्या हाय ना? कन्या म्हंजी कुमारिका. कुमारिका चालते का न्हाय, जोशीकाका?"

जोशीकाकांनी उन्हाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "कुमारिका चालते," ते म्हणाले. "तिच्या वतीनं तुम्ही बसलात असं धरू. गोत्र काय लावू?"

"पतसंस्थेला कुठलं गोत्र?"

"ठाऊक नसलं की कश्यप."

"मर्यादित पण म्हणायचं का?" सुचितानं गंभीरपणे विचारलं.

"पूर्ण नाव घ्यावं लागतं, सूनबाई."

आणि जोशीकाकांनी पळीत पाणी घेऊन, खणखणीत आवाजात, कश्यप गोत्रात जन्मलेल्या सागरकन्या नागरी सहकारी पतसंस्था मर्यादित हिच्या आयुरारोग्याची कामना केली.

आत शिवानी हसू दाबायला पदर तोंडात धरून उभी होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. हे हर्षदला सांगायला हवं, असं तिच्या मनात आलं, आणि हसणं जागच्या जागी थांबलं. मागे उरलं ते नुसतंच पाणी.

तिच्या ध्यानात आलं की मोबाईलच्या दुकानावरची पतसंस्था, जिला ना कपाळ ना कुंकू, ती या अंगणात तिच्यापेक्षा शुभ ठरली होती.

तेवढ्यात पाटावरून उठून विपुल आत आला. हातात कागद होते.

"वहिनी, पूजा चाललीच हाय तर ह्याच्यावर सही करून ठेवा. तारीख नका टाकू."

"काय आहे?"

"गाडी माझ्या नावावर करायचे कागद. आता न्हाय हो, हप्ते फिटल्यावर. पाच वर्षांनी बोजा उतरला की गाडी तुमची एकटीची होनार ना, मंग आईला वाटतंय..." तो अडखळला. "आता पतसंस्था हाय मधी, म्हनून चालतंय. नंतर चांगलं दिसनार न्हाय."

शिवानीनं शेगडी बंद केली. पाच वर्षं हप्ते तिनं भरायचे. गाडी तिनं चालवायची. कर्ज आहे तोवर ती मालकीण, आणि ज्या दिवशी गाडी खरोखर तिची होईल, त्याच दिवशी ती अपशकुनी. तिनं कागद चाळले. शेवटी शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र होतं. "मी माझे वाहन खालील कारणास्तव स्वखुशीने हस्तांतरित करीत आहे." खाली दोन ओळी कोऱ्या.

"कारण कोण भरणार?"

"ते कायपन टाकतो वो मी. कोन वाचतंय?"

"मी वाचेन. या बाहेर."

ती पेन आणि कागद घेऊन थेट अंगणात आली. सुचितानं ओवाळायचं तबक उचललं होतं, ते हवेतच राहिलं. जोशीकाका मंत्राच्या मध्यावर थांबले.

"अगो, मुहूर्त!" मनुबाई दारातून ओरडली. "तेवढा वेळ आत ऱ्हा म्हटलं ना!"

"सहीच करायला आले, आई." शिवानीनं गाडीच्या बॉनेटवर कागद पसरला आणि पेन दिरापुढे धरलं. "भावजी, कारण लिहा. लगेच सही करते."

विपुलनं पेन घेतलं. "घरगुती कारण लिवतो."

"कुठलं घरगुती? मघा अंगणात झालं तेच लिहा. कश्यप गोत्रापासून सुरुवात केलीत तरी चालेल."

"वहिनी, चारचौघांत कशाला..."

"चारचौघांतच तर चाललंय सगळं. फक्त लिहायचं राहिलंय."

विपुलच्या पेनचं टोक कागदावर टेकलं. तिथे एक निळा ठिपका उमटला आणि हळूहळू मोठा होऊ लागला. तीन वर्षं या घरात ही गोष्ट रोज बोलली गेली होती. कुजबुजून, डोळ्यांनी, हातानं बाजूला सारून. लिहायची पाळी आज पहिल्यांदाच आली होती, आणि दहावी पास झालेल्या विपुलला एक अक्षर येईना.

"लिव की रं! उन्हं चढली," मनुबाई म्हणाली.

"काय लिवू, आई? तू सांग."

"लिव, की मालकीन..." मनुबाई थांबली. पुढचा शब्द तिच्या तोंडापर्यंत आला. तो तिचाही होता. एकोणीस वर्षं तो तिनं अंगावर वागवला होता, पण स्वतःच्या तोंडानं कधी म्हटला नव्हता.

"मालकीण विधवा आहे," शिवानीनं वाक्य पुरं केलं. आवाज चढवला नाही, तेवढी ताकद नव्हतीच तिच्यात. "लिहा, भावजी. पण मग आजच एक दुसरा कागद पण करून घेऊ."

"दुसरा कसला?"

"घराचा. घरपट्टी आईंच्या नावावर येते. जे कारण गाडीला, तेच घराला."

सुचिताच्या तबकातलं निरांजन वाऱ्यानं विझलं, ते कुणी पाहिलंही नाही.

"घर माजं हाय!" मनुबाईचा आवाज फुटला. "ह्यांच्या माघारी नारळ सोलून सोलून उभं केलंय मी. वादळात कौलं उडाली तवा कोन आलावता? ह्या हातानं शाकारलंय. मी जिती हाय तवर कुनाच्या नावावर जायचं न्हाय, सांगून ठेवते!"

"आई, तुजं घर कोन मागतंय?" विपुल कळवळून म्हणाला.

"मंग तू तिची गाडी कशापायी मागतोस, मेल्या?"

बोलून झालं आणि मनुबाई स्वतःच दचकली. आपल्या तोंडून निघालेलं वाक्य तिनं एखाद्या अनोळखी बाईनं म्हटल्यासारखं ऐकलं. चौकटीवर टेकलेला हात तिनं काढून घेतला, आणि त्या हाताला जायला कुठे जागा नव्हती.

विपुलनं पेनाला टोपण लावलं. निळा ठिपका पडलेला स्टॅम्पपेपर त्यानं चार घड्या घालून खिशात कोंबला आणि खाली मान घालून म्हणाला, "शंभराचा होता."

जोशीकाका खाकरले. "शास्त्राचं विचाराल तर..."

"विचारलं नाही, काका," शिवानी म्हणाली. "तुम्ही फक्त संकल्प परत करा. माझ्या नावानं."

जोशीकाकांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं. तीस वर्षांच्या भिक्षुकीत असं नाव त्यांनी पाटावर घेतलं नव्हतं. पण असं नाव घेऊ नये हे कुठल्या पोथीत कुठल्या पानावर लिहिलंय, तेही त्यांना या क्षणी आठवेना. त्यांनी पळी पुन्हा भरली.

सुचिता उठली. "ताई, तुम्ही बसा पाटावर. माझे पाय आखडलेत कधीचे," ती म्हणाली. तिचे पाय ठणठणीत होते. विझलेलं निरांजन लावायला ती काडेपेटी शोधू लागली, आणि ती कमरेला खोचलेली असूनही तिला बराच वेळ सापडेना.

शिवानी पाटावर बसली. गुडघे दुखत होते, सात सह्यांचा शीण अजून बोटांत होता. जिंकल्यासारखं तिला काहीच वाटत नव्हतं. तीन वर्षांनंतर बसायला मिळालं, एवढंच वाटत होतं.

"नाव?" जोशीकाकांनी विचारलं. त्यांना ठाऊक होतं, तरी विचारलं.

"शिवानी हर्षद चेऊलकर."

ते नाव पाण्याबरोबर ताम्हनात पडलं. आभाळ कोसळलं नाही, गाडीचं चाकही बसलं नाही. शेजारच्या कुंपणावरून दोन बाया बघत होत्या. त्यांतली एक मध्येच पदर सावरून मागे सरकली. तिलाही घरात कुणीतरी असंच सांगितलं असणार, तेवढा वेळ आत ऱ्हा म्हणून. हा मजकूर वाचणाऱ्यांपैकी कुणी तसं सांगितलं असेल, तर तो वेळ संपून किती वर्षं झाली ते त्यांनी मोजावं.

दारात हालचाल झाली. मनुबाईनं उंबरा ओलांडला. एक पाय बाहेर, मग दुसरा. पूजा चालू असताना ती या अंगणात एकोणीस वर्षांत आली नव्हती. उन्हानं डोळे बारीक करून ती मधोमध थबकली. गाडीच्या उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. ज्या बाईनं घरातली प्रत्येक पूजा कुणी कुठे बसायचं हे सांगून पार पाडली होती, तिला आपली जागा काही केल्या उमगेना.

"शिवानी," तिनं हळूच विचारलं, "मी कुठं उभी ऱ्हाऊ गो?"

सगळे जरा जरा सरकले.