न वापरलेलं ऊन

तक्रार निनावी होती, आणि निनावी तक्रारींचा तपासणीबाईला मनापासून कंटाळा होता. भत्ता कार्यालयात बावीस वर्षं काढल्यावर तिला एवढं कळून चुकलं होतं, की शेजाऱ्याच्या ताटात काय पडलंय ते बघायला कुणालाच चष्मा लागत नाही. कुणाकडे नवे पडदे लागले, लिही पत्र. कुणाच्या पोरानं नवे बूट घातले, लिही पत्र. पण हे पत्र जरा वेगळं होतं. ‘चौथ्या मजल्यावरच्या शिवणवालीच्या घराची जिन्याकडची भिंत ऐन थंडीत गरम लागते. मांजरं टेकून झोपतात. भत्त्यावर जगणाऱ्या बाईला एवढा हीटर परवडतो कसा? काहीतरी साठा आहे.’

नियम तिला झोपेतून उठवून विचारला तरी पाठ होता. भत्ता घेणाऱ्याकडे ठरावीक रकमेपेक्षा जास्त शिल्लक सापडली, की भत्ता बंद. मग ती बँकेत असो, पिठाच्या डब्यात असो, नाहीतर विजेच्या मीटरमध्ये आगाऊ भरलेली असो. उरले म्हणजे लागत नव्हते, असं त्यामागचं डोकं. शाळेत पोरांकडून ‘थेंबे थेंबे तळे साचे’ घोकून घ्यायचं आणि मोठेपणी कुणाकडे तळं दिसलं की दंड करायचा, असला हा कारभार. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. तपासणीबाईला हे सगळं कळत होतं, पण ती कुणापाशी बोलत नसे. तिला पगार तळी शोधण्याचा मिळायचा.

शिवणवालीला ती ओळखत होती. ही बाई पूर्वी हातमोज्यांच्या कारखान्यात मशीनवर बसायची. बोटं आखडली, हात कामातून गेले आणि ती भत्त्यावर आली. दोन वर्षांपूर्वी तिच्या पिठाच्या डब्यातून पैशांची पुरचुंडी तपासणीबाईनंच बाहेर काढली होती. मर्यादेच्या वर अवघे तीनशे निघाले. भत्ता चार महिने बंद झाला, तोही थंडीचा. घरात छातीनं नाजूक अशी एक लहान मुलगी होती. तिचं पुढं काय झालं, हे तपासणीबाईनं विचारलं नाही. विचारायला फॉर्मवर रकाना नव्हता, आणि खरं सांगायचं तर तिला धीरही झाला नव्हता.

बुधवारी दुपारी ती चौथ्या मजल्यावर चढली तेव्हा तिचे पाय बधीर झाले होते. दिवसभर असे जिने चढायचे आणि रात्री रिकाम्या घरात गार गादीवर पडायचं, हा तिचा हिवाळा. जिन्यात भिंतीला पाठ लावून तीन मांजरं ओळीनं निजली होती. तिच्या बुटांचा आवाज ऐकूनही एकानं कान हलवला नाही. तिनं हातमोजा काढून भिंतीला तळवा लावला. भिंत ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखी लागली. मग तिनं मीटर पाहिलं. आकडा शून्य होता आणि चकती जागची हलत नव्हती.

दार शिवणवालीनं उघडलं. अंगात दोन स्वेटर, कमरेपासून खाली गुंडाळलेली घोंगडी. पुढची खोली जिन्याहूनही गार होती. बोलताना दोघींच्या तोंडातून वाफ निघत होती.

“या मॅडम,” ती म्हणाली. “पत्र आलं असेल ना?”

“पत्राचं मी बोलू शकत नाही. घर बघावं लागेल.”

“बघा की.”

तपासणीबाईनं डबे उघडले, गादी उचलली, कपाटाच्या मागं हात घातला. बघण्यासारखं फारसं नव्हतंच. अर्धी वडी साबण, अर्धी मेणबत्ती, अर्धा पाव. या बाईनं सगळ्याच वस्तूंना मध्यावर थांबवून ठेवलं होतं. पिठाच्या डब्यात हात घालताना तपासणीबाईनं मान खाली घातली. डब्यात पीठच होतं.

“मीटर शून्यावर आहे,” ती म्हणाली.

“मागची थंडी सरल्यापासून हीटर लावलाच नाही.”

“मग भिंत गरम कशी?”

शिवणवालीनं आखडलेली बोटं एकमेकांत अडकवली. “घरात पैसे नाहीत, मॅडम. पैसे साठवायचे नाहीत, हे मला एकदाच सांगावं लागलं.” मग ती सावकाश सांगू लागली. “माझी पोर, चिमी, येतेय शुक्रवारी. दोन वर्षं मामाकडे होती, तिकडे थंडी नसते. आता मामीला दिवस गेलेत, तिसऱ्यांदा. त्यांनी तरी किती करायचं? डॉक्टर म्हणाले, निजायची खोली गरम असेल तर पोर हा हिवाळा काढेल. नसेल तर मला विचारू नका, म्हणाले. भत्ता बंद होता तेव्हा तिला दोनदा अँब्युलन्समधून न्यावं लागलं होतं. तुमची चूक नाही, मॅडम. नियमच आहे तो.”

तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर तपासणीबाईला बरं वाटलं असतं. ती आतल्या खोलीच्या दाराकडे वळली. दाराच्या फटीत जुन्या चादरीच्या पट्ट्या घट्ट कोंबलेल्या होत्या, अगदी मशीनवर शिवल्यासारख्या नीट.

“हे उघडा.”

“उघडते. पण आत गेलात की चटकन लावून घ्या. आणि लगेच निघा. कमी होतं.”

“काय कमी होतं?”

“आत गेलात की कळेल. मी नाही यायची. मी आले की तेवढं खर्ची पडतं.”

तपासणीबाई आत गेली आणि दार तिच्या पाठीमागं लागलं.

आत उन्हाळा होता. दुसरा शब्द नाही. तापलेल्या फरशीचा आणि दोरीवर वाळलेल्या चादरींचा वास येत होता. खिडकी समोरच्या इमारतीच्या काळ्या भिंतीकडे उघडत होती, आकाश राखेच्या रंगाचं होतं, तरी जमिनीवर पिवळ्या उन्हाचा चौकोन पडला होता. त्या चौकोनात पानांच्या सावल्या हलत होत्या. खिडकीबाहेरच्या झाडावर एक पान शिल्लक नव्हतं. तपासणीबाई चौकोनात उभी राहिली, आणि तिची सावली काही त्यात पडेना.

तिला भीती वाटली. पण पायांना वाटेना. बधीर बोटांत मुंग्या आल्या, मग ती बोटं तिची झाली.

दाराबाहेरून शिवणवालीचा आवाज येत होता. “उन्हाळाभर या खोलीत बसले नाही मी. ऊन यायचं, मी ते वापरलं नाही. पाणी उकळलं की भांडं आणून आत ठेवायचे आणि निवल्यावर प्यायचे. पोटाला चिमटा काढून पैसा साठतो ना, मॅडम? तसाच अंगाला काढला. पहिल्या वर्षी काही जमलं नाही. यंदा साठलं. हे बंद करता येत नाही ना तुमच्या नियमात?”

नियमात नव्हतं. तपासणीबाई खाटेच्या कडेला टेकली, फॉर्म मांडीवर घेतला. खाटेवर लहान मुलीचं अंथरूण घातलेलं होतं, उशीवर चिमणीचं चित्र. एवढा एक रकाना भरू आणि निघू, असं तिनं ठरवलं. कित्येक वर्षांत तिच्या पाठीला असं कुणी जवळ घेतलं नव्हतं. डोळे मिटले ते तिला कळलंही नाही.

जाग आली ती थंडीनंच. खिडकीतून संध्याकाळ दिसत होती. जमिनीवर चौकोन नव्हता. चादरींचा वास गेला होता आणि तिच्या तोंडातून वाफ येत होती. दार उघडं होतं आणि उंबऱ्यात शिवणवाली उभी होती.

“किती वेळ झाला?”

“तीन तास.”

“अहो, मग उठवलं का नाही मला?”

“दोनदा हाक मारली. हात लावायचा धीर झाला नाही.” तिचा आवाज चढला नाही, पण नजर खाटेवरच्या उशीवर होती. “मागच्या वेळी डबा घेताना तुमचा हात धरला होता, तर तुम्ही ‘कामात अडथळा’ असं लिहिलंत. एक महिना त्याचाच वाढवला होता.”

तपासणीबाईला ते आठवत होतं. तिनं तोंड उघडलं, पण माफी मागायला जे तोंड लागतं ते तिच्यापाशी नव्हतं. तिनं फॉर्मवर ‘साठा आढळला नाही’ असं लिहिलं आणि सही केली. ते खरंच होतं. शिवणवालीचा भत्ता चालू राहणार होता आणि शुक्रवारी पोर या खोलीत निजणार होती.

जिन्यात आली तेव्हा तिनं मफलर गुंडाळायला घेतला, आणि तिला मफलर नकोसा झाला. मांजरं उठून उभी राहिली होती. भिंतीकडे पाठ करून ती तिच्या मागोमाग चार मजले उतरली आणि बस येईपर्यंत तिच्या पायांशी बसून राहिली.

त्या रात्री तिच्या घरातली गादी पहिल्यांदा गार लागली नाही. तिला आनंद झाला. लाज वाटायच्या आधी आनंद झाला, हे तिनं स्वतःशी कबूल केलं. दुसऱ्या दिवशी ती बिनस्वेटरची कामावर गेली. शेजारचा कारकून खुर्ची सरकवून म्हणाला, “बाई, तुमच्या टेबलापाशी चहा निवत नाही हो.” दुपारपर्यंत अर्धं कार्यालय काही ना काही निमित्त काढून तिच्या भोवती घुटमळलं. कुणी कागद दाखवायला आलं, कुणी नुसतं उभं राहिलं. संध्याकाळी तिला जाणवलं, की सकाळपेक्षा आपले हात जरासे कमी गरम आहेत.

मग ती घाबरली. शुक्रवारी ती कोपऱ्यातल्या टेबलावर जाऊन बसली. कुणाच्या हातात हात दिला नाही, चहाचा कप हातात धरला नाही, बसमध्ये कुणाशेजारी न बसता उभी राहिली. इतकी चिक्कू ती पैशांच्या बाबतीतही कधी झाली नव्हती. आणि दर वेळी कुणी अंगाला घासून गेलं की तिच्या डोळ्यांपुढं ती उशी यायची, चिमणीचं चित्र असलेली.

भत्ता घेणाऱ्याच्या घरी कार्यालयातल्या माणसानं खासगीत जाणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. बाहेरून मिळालेली मदत, मग ती कसलीही असो, भत्त्यातून वजा करायची, हाही नियमच. शनिवारी सकाळी तपासणीबाई निघाली ती मागच्या जिन्यानं, चोरासारखी. तिसऱ्या मजल्यावरच खोकला ऐकू आला. सुकं लाकूड ओढत न्यावं तसा तो आवाज होता आणि मध्ये मध्ये तो थांबला की जास्त भीती वाटत होती.

शिवणवालीनं दार उघडलं. रात्रभर न निजलेला चेहरा. आपल्या वाकड्या बोटांनी तिनं तपासणीबाईचं मनगट धरलं आणि दुकानात कापड चाचपावं तसं चाचपून पाहिलं.

“बरंच आहे अजून,” ती म्हणाली.

“परत कसं करायचं, ते मला माहीत नाही.”

“मलाही नाही. आत चला.”

आतल्या खोलीत तीन पांघरुणांखाली चिमी होती. ओठ निळसर, डोळे मोठे, श्वासाबरोबर छातीत शीळ वाजत होती. तपासणीबाईनं बूट काढले, कोट काढला आणि ती खाटेवर आडवी झाली. मुलीनं काही विचारलं नाही. थंडीत कुणी ओळखी काढत बसत नाही. तिनं आपली बर्फासारखी पावलं सरळ त्या परक्या बाईच्या पोटाला लावली आणि तोंड तिच्या खांद्यात खुपसलं.

बराच वेळ गेला. शीळ आधी बारीक झाली, मग तुटक, मग फक्त श्वास राहिला. तेवढ्यात तपासणीबाईच्या पायाच्या अंगठ्याला थंडी लागली. मग दुसऱ्यालाही. थंडी हळूहळू वर चढत होती, घाई न करता.

उंबऱ्यातून शिवणवाली मुलीच्या श्वासाकडे कान देऊन होती. पोरीचा चेहरा निवळलेला बघून तिनं पदरानं डोळे पुसले. मग ती हलक्या आवाजात म्हणाली, “मी दार लावून घेते, मॅडम. उगाच बाहेर जायला नको.”

कडी बाहेरून लागली. फटीत कापडाच्या पट्ट्या एकेक करून कोंबल्या जाताना ऐकू येत होत्या. आवाज द्यावा, असं तपासणीबाईच्या मनात आलं. सोमवारी कार्यालय होतं, घरी दूधवाला येऊन जाणार होता, कुणीतरी विचारलंच असतं. तिनं मुलीच्या पाठीवर हात ठेवला. लहानशी पाठ वरखाली होत होती. तिनं आवाज दिला नाही.

“मावशी,” चिमी अर्धवट झोपेत म्हणाली, “तुम्ही किती दिवस राहणार?”

हिवाळ्याचे अजून तीन महिने होते. तपासणीबाईनं मनात हिशेब मांडून पाहिला, आणि तो काही जुळेना.

“पुरेन तोवर,” ती म्हणाली.