सिंधूताईंच्या बेटाचा नकाशा

मित्रांनो, घड्यांवर झिजून भोकं पडलेला मी एक जुना नकाशा आहे, स्कॉटलंडजवळच्या एका खडकाळ बेटाचा. मला कापडावर चिकटवलं होतं, म्हणून एवढा टिकलो. स्वभावाने मात्र मी संशयी. मला उघडणारा प्रत्येक जण घडी चुकीची घालतो, मग दुसरं काय होणार?

सिंधूताई धामणगाव बढ्याजवळच्या एका खेड्यात नर्स होत्या. त्यांना शिकवणाऱ्या मार्गारेटबाई आपल्या बेटावर परत गेल्या आणि त्यांनी मला टपालाने पाठवलं. सोबत 'महिनाभर राहायला ये' असं पत्र होतं. दर रविवारी सिंधूताई मला खाटेवर पसरत. पायवाटा लाल पेन्सिलीने आखत, नावेचे मार्ग निळीने. कडेला भरतीच्या वेळा लिहीत. सोमवारी नावेने पक्ष्यांच्या कड्यापर्यंत, मंगळवारी मोठा डोंगर, बुधवारी पायांना विश्रांती. इतक्या मायेने मला कुणी वाचलं नव्हतं.

शेजारच्या झुंबरबाई विरजण मागायला येत आणि माझ्याकडे टक लावून पाहत. मला ते खटकायचं. ते पासष्ट साल होतं. सीमेवर लढाई सुरू होती आणि गावात छत्रीने उतरणाऱ्या शत्रूच्या अफवा होत्या. त्यातच सिंधूताईंच्या पासपोर्टची चौकशी पोलीस पाटील शेषरावांकडे आली. त्यांनी चांगला शेरा दिला नाही, तर जाणंच रद्द होणार होतं.

शेषराव घरात आले आणि त्यांनी आधी मलाच उचललं.

"नर्सबाई, ह्या लाल रेघा कायच्या?"

"चालाच्या वाटा हायेत, पाटील."

"अन् हे टाइम?"

"नाव सुटाचे. तवा पाणी चढते, नाहीतर नाव खडकात फसते."

"डोंगरावर कोनाले भेटाचं हाय?"

"कोनालेच नाही. वर जाचं अन् वापस याचं."

शेषरावांनी मान हलवली. "बिनाकामाचं डोंगर कोन चढते? मले हे पटत नाही."

ते मला घेऊन गेले. तेरा दिवस मी त्यांच्या लोखंडी पेटीत होतो. पेटी उघडली की वाटायचं, आता चुलीत जाणार. पण ते मला शेताच्या नकाशाशेजारी ठेवून बोटाने वाटा तपासत. यात त्यांचा काय डाव होता, ते मला कळेना.

चौदाव्या दिवशी त्यांनी सिंधूताईंना चावडीवर बोलावलं. गाव जमलं होतं. मला गुंडाळून त्यांनी मांडीखाली ठेवलं.

"खरंच चालाचं असन, त वाट पाठ असन. आता न पाहता सांगा, मंगळवारी कुठून जासान?"

सिंधूताईंनी डोळे मिटले. ओढ्याच्या डाव्या अंगाने, दलदल टाळून, मेंढ्यांच्या वाड्यापाशी पाणी पिऊन, मग खडी चढण. एकही वळण चुकलं नाही. मग त्या हळूच म्हणाल्या, "पाटील, अकरा वर्षं झाली, मी ह्या गावाहून त्या गावाले पायीच जाते. दर खेपेले कोनीतरी अडलेलं असते. एक डाव कोनी अडलं नसताना मले चालून पाहाचं हाय."

मग झुंबरबाई उठल्या. "नकाशाचं पाटलाले म्याच सांगतलं होतं," त्या म्हणाल्या. "माह्यी लेक हिनंच वाचवली, अन् म्याच हिच्यावर शक घेतला. पाटील, लिहून द्या."

शेषरावांनी तिथेच चांगला शेरा लिहून दिला आणि मला सिंधूताईंच्या हाती परत केलं.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही बेटावर पोहोचलो. सोमवारी वादळ होतं, नाव सुटलीच नाही. मंगळवारी धुक्यात वाट चुकली आणि सिंधूताई गुडघ्यापर्यंत चिखलात रुतल्या. वाऱ्याने माझा एक कोपरा फाडून नेला. ठरवलेलं निम्मंही जमलं नाही. पण त्या चिखलात उभ्या राहून खूप वेळ हसत होत्या. गावात मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

आता मी गावच्या शाळेच्या कपाटात असतो. मित्रांनो, माझी घडी जपून उलगडा, जोराने ओढू नका. आणि कुणाच्या कागदावर न कळणाऱ्या रेघा दिसल्या, तर गावभर सांगण्याआधी त्यालाच जवळ बसवून विचारा. कदाचित त्याला फक्त फिरायला जायचं असेल.