बत्तीस कोअर आणि भीमनगरचा टँकर

"शांत! यंत्रात दोष शिरलाय!" चक्रेश्वर महाराजांनी सर्व्हरच्या पेटीवर हळद उधळली आणि टँकर केंद्रात जमलेल्या शे-दोनशे लोकांनी हात जोडले.

दुष्काळाचं साल होतं. नवा जिल्हा होणार म्हणून लातूरकडच्या आमच्या गावात हे केंद्र घाईघाईने उघडलेलं. आम्ही कारकुनांनी गावोगावची मागणी भरायची, सर्व्हरने टँकर नेमून द्यायचा. काम तुंबलं म्हणून केंद्राच्या साहेबांनी चार कोअरचा सर्व्हर काढून बत्तीस कोअरचा आणला. कोअर म्हणजे यंत्रातले हिशेब करणारे हात. हात आठपट झाले आणि काम आधीपेक्षाही रखडलं. साहेब घाबरले आणि महाराजांना घेऊन आले.

"बत्तीस मेंदू, पन आत्मा एक न्हाई! क्लॉकदोष हाय, कॅशदोष हाय, वर राहूची नजर!" महाराज गरजले. राहूच्या जोडीला इंग्रजी आलं की लोकांना लगेच पटतं. "समदे उठा. हात जोडा, मोबाईल बंद. आता बघा."

आम्ही कारकूनही यंत्रांवरून उठलो. महाराजांच्या चेल्याने एकट्याने एक नोंद टाकली. टँकर क्षणात नेमला गेला आणि एकच जयजयकार झाला.

मग उपाय निघाला. दोष फिटेपर्यंत रोज एक टँकर महाराजांच्या मठाला. साहेबांनी त्या दिवशीचा भीमनगरचा टँकर तिकडे वळवला.

भीमनगरच्या धुरपताबाई दारातच उभ्या होत्या. "साहेब, सून बाळंत झालीय. घरात घोटभर पानी न्हाई. लेकराचे कपडे कशात धुऊ?"

"देवाचं काम हाय, बाई," साहेब म्हणाले.

कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या रुद्राणी मॅडम आपल्या गावासाठी टँकर मागायला आल्या होत्या. त्या पुढे झाल्या. "महाराज, मंत्र चालू ठेवा. फक्त हे सगळे कारकून आता एकदम नोंदी टाकतील."

आम्ही बसलो, बटणं दाबली. पडद्यावर चाक फिरू लागलं. महाराजांचा आवाज चढत गेला, चाक काही थांबेना.

"मघाशी एकटाच मागत होता, म्हणून चाललं," मॅडम म्हणाल्या. "टँकरची यादी एक, तिला कुलूपही एकच. एकच टँकर दोन गावांना जाऊ नये म्हणून ते लागतं. एक कोअर आत गेला की बाकीचे बाहेर खोळंबतात, आणि कुलूप उघडलं का हे विचारण्यातच त्यांचा दम जातो. नळ एक असताना घागरी वाढवल्या तर पाणी जास्त येतं का?"

"भांडनं वाढत्यात," गर्दीतली एक बाई म्हणाली.

मॅडमनी प्रोग्राम लिहिणाऱ्याला फोन लावला आणि प्रत्येक मंडळाची, म्हणजे गावांच्या गटाची, यादी व कुलूप वेगळं करायला लावलं. दुपारनंतर बत्तीसही कोअर कामाला लागले. महाराज तोवर जीपमध्ये बसून निघून गेले होते.

"मग आमचा टँकर?" धुरपताबाईंनी विचारलं.

साहेबांनी मठात फोन केला. पाणी तिथल्या हौदात ओतून झालं होतं आणि त्या दिवसाचा दुसरा टँकर उरला नव्हता. "उद्या बघू," ते म्हणाले. बाई पदराने तोंड पुसत निघून गेल्या.

मला महाराजांपेक्षा आमच्या जयजयकाराची चीड येते. यंत्र अडलं तर ते उघडून बघा, जाणकाराला विचारा. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी एवढंच म्हणा: आम्हा सगळ्यांसाठी एकदम करून दाखवा. त्या सकाळी आमच्यातल्या एकाने जरी हे वेळेत म्हटलं असतं, तरी त्या बाळंतिणीला पाणी मिळालं असतं.