शेवटून अकरावे

दवाखान्यातली सिस्टर एका हातात चप्पल आणि दुसऱ्या हातात कागद घेऊन नोंदणी कार्यालयात शिरली. चपलेचा अंगठा वाटेत तुटला होता, तरी ती थांबली नव्हती.

“काका, आपण शेवटचे नाही!”

जन्ममृत्यू नोंदणीचा कारकून एका तरुण बापाला मुलीच्या जन्माचा दाखला लिहून देत होता. त्याने पेन उचललं.

“शेवटचे नाही म्हणजे?”

“यादीत! यादी आली. तीनशे बारा भागांची. घ्या, खालून मोजा.”

त्याने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. दर पाच वर्षांनी ही यादी निघायची. देशाच्या कुठल्या भागात माणूस सरासरी किती वर्षं जगतो, ते त्यात असायचं. मागच्या तिन्ही याद्यांत सगळ्यात खाली खाणपट्टा होता. अठ्ठावन्न वर्षं. बसने दीड तासावर, पुलाच्या पलीकडे शहर होतं, तिथे पंचाहत्तर. शहरात कुणाच्या लग्नाला गेलं की कोणीतरी विचारणारच, “तुमच्याकडे माणसं लवकर जातात ना?” बसची वेळ विचारावी तितक्या सहज.

त्याचं बोट तळापासून वर सरकत गेलं. आठ, नऊ, दहा. अकराव्या ओळीवर थांबलं.

“बासष्ट पॉइंट एक,” तो म्हणाला.

“बासष्ट!” सिस्टरने चप्पल टेबलावरच आपटली. “पाच वर्षांत चार वर्षं वाढलो, काका!”

“माझ्या पोरीला धरून?” तरुण बापाने विचारलं.

“तिलाच तर धरून!”

अर्ध्या तासात कार्यालयात पाय ठेवायला जागा उरली नाही. खडी फोडायचं यंत्र कोणीतरी बंद केलं, आणि ते बंद झाल्यावर माणसं आपोआप मोठ्याने बोलायला लागली. पंचावन्न वर्षांचा मुकादम प्रत्येकाला सांगत होता, “कालपर्यंत माझी तीन वर्षं उरली होती, आज सात आहेत.” त्याची बायको म्हणाली, “म्हणजे अजून सात वर्षं तुमचे डबे?” कार्यालय हसलं. कारकूनही हसला, इतका मोठ्याने की त्याचं त्यालाच ते अनोळखी वाटलं आणि हात तोंडाकडे गेला. बायको गेल्याला दीड वर्ष झालं होतं.

नगरपंचायतीचे अध्यक्ष आले आणि खुर्चीवर उभे राहिले. यादीसोबत आलेलं पत्र त्यांनी वाचायला घेतलं. पहिल्या पानावर अभिनंदन होतं. टाळ्या झाल्या. दुसरं पान त्यांनी मनातल्या मनात वाचलं आणि घडी घालायला लागले.

“मोठ्याने वाचा की,” सिस्टर म्हणाली.

“तसं काही विशेष नाही. ते आपलं गाडीचं आहे.”

सिस्टरने पत्र काढून घेतलं. छातीच्या तपासणीची गाडी दर महिन्याला खाणपट्ट्यात यायची. तिच्यात एक्स-रेचं यंत्र होतं, आणि फुप्फुसात धूळ बसलेली माणसं ती वेळेत हुडकून काढायची. ही गाडी यादीतल्या शेवटच्या दहा भागांसाठी होती. खाणपट्टा आता अकरावा होता. पुढच्या महिन्यात गाडी शेवटची येणार होती.

“असू द्या हो,” अध्यक्ष म्हणाले. “मान किती मोठा मिळाला ते बघा.”

“मानाचा एक्स-रे निघतो का?”

कोणी हसलं नाही. बाहेर कोणीतरी यंत्र परत सुरू केलं.

सगळे गेल्यावर कारकुनाने कपाटातून मागच्या सात वर्षांची मृत्यूची रजिस्टरं काढली आणि वर्षाच्या बेरजा एका कागदावर मांडल्या. एकशे एकतीस. एकशे अठ्ठावीस. एकशे तेहतीस. एकशे तीस. मग पूल झाला. एकशे चार. एकशे दोन. एकशे तीन. खाणी त्याच होत्या, धूळ तीच होती. त्याने कागदाची घडी केली, ती खिशात ठेवली, परत काढली. सिस्टर दारात उभी होती, तुटलेल्या चपलेत दोरा ओवत.

“काय झालं, काका?”

“काही नाही,” तो म्हणाला. तीस वर्षांत त्याने नोंदीच्या बाबतीत कुणाला ‘काही नाही’ म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसने सलूनवाला आला. तो खाणपट्ट्यातलाच. बारा वर्षांपूर्वी शहरात गेला होता आणि तिथे त्याचं दोन खुर्च्यांचं सलून होतं. वर एक खोली, तीत तो एकटा राहायचा.

“काका, मला वाचवा,” तो खिडकीतूनच म्हणाला. “आरोग्य खात्याची माणसं तिसऱ्यांदा येऊन गेली. नळाचं पाणी नेलं. भिंत खरवडून नेली. माझं रक्तसुद्धा नेलं.”

“का पण?” इंजेक्शनांची पेटी घेऊन निघालेली सिस्टर थांबली.

“का म्हणजे? त्यांच्या कागदावर माझ्या खोलीत तीन वर्षांत एक्क्याऐंशी माणसं मेली आहेत! दहा बाय बाराची खोली, सिस्टर. साहेब विचारतो, तुमच्याकडे आहे तरी काय? मी म्हटलं, एक पलंग आणि एक स्टोव्ह.”

सिस्टर हसायला लागली आणि मधेच थांबली. तिने पेटी खाली ठेवली.

“एक्क्याऐंशी कोण?”

सलूनवाल्याने कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने रजिस्टर बंद केलं.

“आपलीच माणसं,” तो म्हणाला. “शहरच्या इस्पितळात खाट आधी शहरातल्याला मिळते. बाहेरच्याला थांबावं लागतं. पूल झाल्यापासून जो तो तिकडे जातो आणि पत्ता याच्या खोलीचा देतो.”

“मी काय नाही म्हणणार?” सलूनवाला म्हणाला. “विजेच्या बिलाची कॉपी मागायला यायचे. शेवटी मी पन्नास कॉप्या काढून खुर्चीपाशीच ठेवल्या.”

“आणि जे तिथे वारले त्यांची नोंद तिथल्याच पत्त्यावर,” सिस्टर सावकाश म्हणाली. “यादी करणारे पत्ता बघतात. म्हणजे आपण जास्त जगायला लागलो नाही. आपली माणसं मेल्यावर शहरात राहायला गेली.”

कारकुनाने मान हलवली.

“काका, तुम्हाला हे माहीत होतं?”

त्याने खिशातला बेरजांचा कागद काढून तिच्यापुढे ठेवला. “आकड्यांचं काल कळलं,” तो म्हणाला. “पत्त्याचं आधीपासून. त्या एक्क्याऐंशीत आमची ही आहे.”

सिस्टरने कागदावरच्या बेरजा खालपर्यंत वाचल्या. मग एकदम तिचा चेहरा उजळला. तिने टेबलावर दोन्ही हात टेकले.

“अहो, मग पत्ते दुरुस्त करता येतात ना? एक्क्याऐंशी पत्ते परत आणले तर?”

“तर आपण परत शेवटचे.”

“शेवटचे! आणि गाडी?”

“गाडी राहील.”

“मग बसलात काय?”

पत्ता दुरुस्तीचा अर्ज एका पानाचा होता. कारकुनाने तो आजवर हजारो लोकांना भरून दिला होता. पण या वेळी त्यात एक रकाना अडचणीचा होता. चुकीची माहिती देणाऱ्याचं नाव, आणि त्याच्या शेजारी, कारण. प्रत्येक घरातल्या माणसाला लिहून द्यावं लागणार होतं की मी खोटं सांगितलं.

संध्याकाळी लोक जमले, पण भिंतीला पाठ लावून उभे राहिले. टेबलावर अर्जांचा गठ्ठा होता आणि त्याला कोणी हात लावेना.

“खटला होऊ शकतो,” अध्यक्ष म्हणाले. “मी घाबरवत नाही, सांगून ठेवतो. आणि तुम्ही तर सरकारी माणूस, काका. खोटी नोंद दिली म्हटल्यावर नोकरी जाईल. दोन वर्षं राहिली ना तुमची?”

“दोन वर्षं चार महिने.”

“मग बाकीच्यांचं होऊ द्या. तुमचा एक अर्ज नसला तर काय बिघडतं? ऐंशी पुरेत.”

हे खरं होतं. कारकुनाने हिशोब आधीच करून पाहिला होता. ऐंशी पुरत होते. आणि एक गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती. इस्पितळात बायकोला रोज कोणी ना कोणी विचारायचं, कुठे राहता? ती सांगायची. पहिल्या दिवशी अडखळली. मग तिला गोडी लागली. “बाजारपेठेत, सलूनच्या वर. नळ घरातच आहे. खिडकीतून झाड दिसतं.” शेजारच्या खाटेवरच्या बाईला तिने त्या झाडाबद्दल अर्धा तास सांगितलं होतं. खोलीवर ती कधी गेलीच नव्हती. तो बाजूला बसून संत्रं सोलायचा आणि मधे बोलायचा नाही. लहानपणी तिने खडी फोडली होती. पंचाहत्तर वर्षं जगणाऱ्यांच्या पत्त्यावर ती अकरा दिवस राहिली.

त्याने गठ्ठ्यातला वरचा अर्ज ओढला आणि पेनचं टोपण काढलं. मृताचं नाव. वय, एक्कावन्न. नोंदलेला पत्ता. खरा पत्ता. चुकीची माहिती देणारा, पती. कारणाच्या रकान्यावर पेन थांबलं. भिंतीजवळची माणसं पुढे सरकली. त्याने लिहिलं, सही केली आणि कागद उलटा न ठेवता तसाच, सगळ्यांना दिसेल असा, टेबलाच्या मधोमध सरकवला.

मुकादमाने वाकून वाचलं.

“खाट मिळावी म्हणून.”

“एवढंच?” मागून कोणी विचारलं.

“एवढंच.”

मुकादमाने डोळे पुसले आणि शर्टाची बाही वर केली. “द्या इकडे. भावाचं लिहायचंय. मी पण हेच लिहू?”

“हेच खरं असेल तर हेच लिहा.”

मग जी झुंबड उडाली ती आवरेना. एक पेन पुरेना, सिस्टर दवाखान्यातून सहा घेऊन आली. आमची आई, लिहा. माझे दोघे दीर, दोन अर्ज द्या. अहो ढकलू नका, आमचा माणूस तुमच्या आधी गेलाय! सलूनवाला प्रत्येकाला खोलीचा पत्ता घर क्रमांकासकट सांगत होता, आणि प्रत्येक जण म्हणत होता, “पाठ आहे रे बाबा.” काठी टेकत एक आजी आली.

“काका, आमच्या ह्यांना पत्ता देऊनही खाट नाही मिळाली. व्हरांड्यातच गेले. मी काय लिहू?”

कारकुनाने थोडा विचार केला.

“तेच लिहू, आजी. खाट मिळावी म्हणून. मिळाली की नाही, ते त्यांनी विचारलेलं नाही.”

“विचारलं नसलं तरी लिहा,” आजी म्हणाली. त्याने लिहिलं.

एक्क्याऐंशी अर्ज सिस्टर स्वतः शहरात घेऊन गेली. तिसऱ्या आठवड्यात कारकुनाला खुलासा मागणारं पत्र आलं. त्याने उत्तरात तेच तीन शब्द लिहिले आणि पोच घेऊन ठेवली.

गाडी आली त्या दिवशी सकाळी साडेदहाला फोन वाजला. कारकुनाने घेतला. तो नुसतं “हो, हो” म्हणत होता आणि डाव्या हाताने आकडा लिहीत होता. सिस्टरने त्याच्या खांद्यावरून पाहिलं आणि फोन खाली ठेवायच्या आत ती बाहेर पळाली.

“सत्तावन्न पॉइंट सहा! शेवटचे! आपण शेवटचे!”

गाडीपुढच्या रांगेतून एकच आरोळी उठली. मुकादमाने बायकोला उचललं आणि लगेच खाली ठेवून खोकत बसला. सलूनवाला खास सुट्टी काढून आला होता. तो दिसेल त्याला मिठी मारत होता. “सोडलं मला एकदाचं खात्याने! काल साहेब स्वतः दाढी करून गेला.” अध्यक्ष खुर्ची शोधत होते. गाडीच्या ड्रायव्हरने काच खाली केली.

“काय झालं? काही जिंकलात का?”

“शेवटचे आलो!” तीन-चार जण एकदम ओरडले.

ड्रायव्हरने काच परत वर केली.

कारकून पायरीवर उभा राहून हे पाहत होता. सिस्टर गर्दीतून आली, तिने त्याचं मनगट धरलं आणि त्याला सरळ रांगेच्या पुढे नेलं.

“चढा.”

“मी कुठे खाणीत होतो?”

“तुमच्या वडिलांचे खाणीतले धुळीचे कपडे घरातच धुतले जायचे ना? चढा म्हणते ना, काका.”

रांगेतल्या कोणी कुरकूर केली नाही. तो आत गेला. आत थंड होतं. टेबलाशी बसलेली मुलगी नवीन होती, तिला बाहेरच्या गोंधळाचं काही माहीत नव्हतं. तिने वर न बघता कोरा फॉर्म ओढला. नाव लिहिलं. वय लिहिलं, सत्तावन्न.

“पत्ता?”

त्याने घसा साफ केला आणि सांगायला सुरुवात केली. घर क्रमांक सांगितला. कुठल्या गल्लीतून वळायचं ते सांगितलं, पाण्याच्या टाकीपासून कितवं दार, खाण क्रमांक चारचा रस्ता.

“एवढं नको, आजोबा,” मुलगी म्हणाली. “नुसतं खाणपट्टा पुरे.”

“नाही,” तो म्हणाला. “पूर्ण लिहा.”